गोधडीला पोट सुटलं

आमच्या घरात दोन शिलाई मशिनी आहेत आणि दोन्ही माझ्यापेक्षा वयाने मोठ्या असल्यामुळे माझं ऐकत नाहीत.

पहिली माझ्या आईची. पायाची, काळी कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी (निम्मी काळाने पुसली, उरलेली निम्मी लहानपणी मी खिळ्याने खरवडली). दुसरी माझ्या सासूबाईंची. हाताने चाक फिरवायची, लाकडी पेटीतली, अक्कलकोटहून आमच्याकडे आलेली. सासूबाई मशीनशी बोलायच्या, तेही कानडीत. दोरा तुटला की "अय्यो!" आणि मशीन फारच सुसाट सुटली की "साकु, साकु", म्हणजे पुरे, पुरे! आई मशीनशी बोलत नसे, ती माझ्याशी बोलायची. मी खाली पाय मारायला बसलो की चाक हमखास उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. "पाय न्हाय, डोस्कं उलटं हाय तुजं," एवढंच ती शांतपणे म्हणायची आणि पुन्हा सुईत दोरा ओवायची.

दोघी गेल्या, मशिनी राहिल्या. मी शाळेतून निवृत्त झालो (विषय भूमिती, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे) आणि घरात बसून करायचं काय म्हणून एके दिवशी आईच्या मशीनला तेल घातलं. चाक फिरवलं. खड् खड् खड् असा आवाज आला आणि मला एकदम पाचवी-सहावीतली दुपार आठवली. आई शिवतेय, मी खाली फरशीवर पालथा पडून वाया गेलेल्या चिंध्या जमवतोय आणि बाहेर ऊन रणरणतंय. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात माझी बायको कुमुद आतून आली आणि म्हणाली, "अहो, काय करायलात? तेल फरशीवर सांडलं की सगळं!"

पण तिनेही दुसऱ्या दिवशी माळ्यावरून तिच्या आईची मशीन काढायला लावली. मग आमचा नादच लागला. जुन्या साड्या, धोतरं, परकर, माझे शाळेचे सदरे, जे मऊ पडलं असेल ते आणायचं, थरावर थर ठेवायचे आणि दुपारी चहा होईपर्यंत शिवत बसायचं. ती हाताचं चाक फिरवणार, मी पाय मारणार. त्यासारखं सुख नाही. अख्खा महाराष्ट्र ज्या गावाच्या चादरी पांघरतो त्या सोलापुरात आम्ही दोघं गोधड्या शिवून शेजाऱ्यांना वाटत होतो! समोरचे देशमुख तर मला पिशवी घेऊन येताना पाहिलं की दार लावून घ्यायला लागले.

आणि मग शर्वरी, आमची मुलगी, बाळंतपणाला पुण्याहून आली.

मुलगी झाली. सव्वा महिन्यानंतरचं, मे महिन्यातलं बारसं ठरलं. एका दुपारी बाळाला मांडीवर घेऊन शर्वरी म्हणाली, "आई, बाबा, मला काही नको. सोन्याचं नको, चांदीचं नको. दोन्ही आज्यांच्या लुगड्यांची गोधडी करा. पाळण्यात पहिल्यांदा ठेवाल ना हिला, तेव्हा दोघींच्या कुशीत ठेवल्यासारखं व्हायला हवं. मी दोघींच्या कुशीत वाढलेय की."

कुमुदने पदर डोळ्यांना लावला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. दोघींचं आता एकेकच लुगडं उरलं होतं. माझ्या आईचं हिरवं इरकल आणि सासूबाईंचं मोतिया रंगाचं, जांभळ्या काठाचं. बाकीची केव्हाच विरून गेली होती. बिघडलं तर दुसरं नव्हतं, ही गोष्ट तिघांनाही ठाऊक होती.

"बाबा, जमेल ना?"

"अगं, चाळीस मुलांना एका तासात प्रमेय शिकवलंय मी," मी म्हणालो, "एक चौकोन शिवायला काय लागतं!"

पहिली अडचण कात्रीची आली. दोन्ही लुगडी नऊवारी. बाळाच्या गोधडीला त्यातलं चौथाई कापडही पुष्कळ झालं असतं. कुमुदने कात्री घेतली, हिरव्या इरकलीपाशी नेली आणि थांबली. "तुमच्या आईचं आहे. तुम्हीच कापा." मी कात्री घेतली आणि पदर हातात धरला. त्याला अजून आईच्या पेटीतल्या डांबरगोळीचा वास येत होता. माझा हात चालेना. मी म्हणालो, "आधी तुझ्या आईचं कापू." तिने मोतिया लुगडं छातीशी धरलं. "अजिबात नाही हं!"

तेव्हा कापायचंच नाही असं ठरलं. नुसत्या घड्या घालायच्या. प्रत्येक लुगड्याचे चार थर, दोन्ही मिळून आठ. मी आलेखाच्या कागदावर आकृती काढली, कोन मोजले, कर्ण जुळवला. सगळं बिनचूक होतं. फक्त आकृतीप्रमाणे अंथरून बघितलं तेव्हा जेमतेम हातभर लांबीच्या बाळासाठी मी झोपलो तरी पाय झाकतील एवढी गोधडी तयार होत होती!

"एवढी मोठी?" कुमुद म्हणाली.

"वाढत्या अंगाची आहे ती."

"सोलापूरच्या मे महिन्यात आठ थर? बाळ शिजून निघेल की हो!"

"खाली अंथरायचीय, वर पांघरायची नाही," मी म्हणालो आणि विषय संपवला.

दुसरी अडचण वरच्या बाजूची. एका बाजूला हिरवं, एका बाजूला मोतिया. पण बाळ ठेवायचं कुठल्या बाजूवर? इथे मला आमच्या दोन मातोश्रींची थोडी ओळख करून द्यायला हवी. आमच्या लग्नात मानपानात काहीतरी बिनसलं होतं आणि त्यानंतर दोघी विहिणी एकमेकींशी फक्त शर्वरीमार्फत बोलायच्या. "तुझ्या अक्कलकोटच्या आजीला म्हणावं, चटणी चांगली झाली हुती." "तुझ्या सोलापूरच्या आजीला म्हणावं, डबा रिकामा परत पाठवू नये." अशी सगळी टपालखात्यासारखी व्यवस्था. आता दोघीही नाहीत, तर ती गादी आम्ही चालवायला घेतली.

"माझ्या आईचं वर राहू दे," मी म्हणालो. "बाळाला गारवा लागेल."

"गारवा सुती कापडाला असतो. माझ्या आईचं सुती आहे."

"पण इरकल कशी भारदस्त दिसते! पुण्याची माणसं यायलीत."

"म्हणजे माझी आई भारदस्त नव्हती?"

दोन दिवस घरात चहा मिळाला, पण साखर कमी. शेवटी मी तहाचा प्रस्ताव मांडला. दिवसा हिरवी बाजू वर, रात्री मोतिया. कुमुदने विचारलं, बारसं दिवसा आहे का रात्री. दिवसा आहे, मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच बाहेर जाऊन दोऱ्याची रिळं घेऊन आलो.

या भानगडीत बारसं चार-पाच दिवसांवर आलं आणि गोधडीवर एक टाका पडला नव्हता. शिवायला बसलो तर आठ थरांतून सुई जाईना. गेली तर मोडायची. एका दुपारी सहा ओळी झाल्या नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली जिच्यामुळे आज हे लिहायची वेळ आली आहे.

"कुमुद, आपण दोन्हीकडून शिवू."

"म्हणजे?"

"डोक्याच्या बाजूने मी, आईच्या मशीनवर. पायाच्या बाजूने तू, तुझ्या आईच्या मशीनवर. डोंगरात बोगदा खणतात तो दोन्हीकडूनच खणतात की! मधोमध भेटायचं. निम्म्या वेळात काम!"

कुमुदला शिवणातलं माझ्यापेक्षा पुष्कळ कळतं. पण भेटायचं मधोमध, म्हणजे दोन्ही आयांचा मान सारखा, हे तिला पटलं असावं. ती "बरं" म्हणाली. (एरवी माझ्या प्रत्येक कल्पनेला नको म्हणणारी बाई नेमकी त्याच दिवशी बरं म्हणाली!)

झालं! पायमशीन हॉलच्या एका भिंतीला, हातमशीन पाटावर ठेवून समोर, मध्ये गोधडी, कूलर पूर्ण जोरात आणि आत बाळ झोपलेलं. खड् खड् खड् इकडून, किर्र किर्र तिकडून. दोन मशिनींचा आवाज एकत्र असा आमच्या घरात पहिल्यांदाच येत होता. शर्वरी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "अगदी दोघी बोलताहेत असं वाटतंय ना!" दोघी हयातीत कधी एवढ्या बोलल्या नव्हत्या.

पण आठ थर माझ्या मशीनखालून पुढे सरकेनात, म्हणून मी पलीकडून हात घालून गोधडी जोरात ओढली. तिकडे कुमुदची सुई कापडात रुतलेली. तिची मशीन पाटासकट फरशीवरून माझ्याकडे यायला निघाली!

"अहो, अहो, ओढू नका!"

"मी कुठं ओढायलोय? तूच सोडेनास!"

"मशीन चाललीय माझ्या आईची!"

मी आणखी एक हिसका दिला. हातमशीन सरकत येऊन आईच्या मशीनच्या लोखंडी पायाला ठण्णदिशी भिडली. मागोमाग चाकाची मूठ धरून बसल्या बसल्या कुमुद. लग्नानंतर पस्तीस-छत्तीस वर्षांनी दोन विहिणींची अशी गळाभेट झाली आणि त्या आवाजाने बाळ जे किंचाळत उठलं ते संध्याकाळपर्यंत झोपलं नाही.

असं करत करत आम्ही मधोमध आलो. आता त्या मधोमधाविषयी. आठ थरांचं काम, सुरकुत्या पडणारच. सुरकुती आली की मी ती हाताने पुढे सारायचो आणि मागे टाका घालायचो. कुमुदही तेच करत होती. मी माझ्या सुरकुत्या पुढे ढकलत होतो, ती तिच्या पुढे ढकलत होती, आणि दोघांचं "पुढे" एकच ठिकाण होतं, एवढी साधी गोष्ट तीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाच्या लक्षात आली नाही!

शेवटची ओळ घातली आणि गोधडी उचलून अंथरली. दोन्ही टोकं सपाट, सुरेख, टाके एका रेषेत. आणि मधोमध एक टुम्म फुगलेला उंचवटा.

"हे काय आहे?" कुमुदने विचारलं.

"थोडी हवा राहिलीय." मी त्यावर बसलो. उठलो. तो पुन्हा वर आला.

कुमुदने इस्त्री फिरवली. मी वर शेंगदाण्याचा डबा ठेवला, मग गव्हाचं पोतं ठेवलं. पोतं काढलं की उंचवटा आळोखेपिळोखे देत पुन्हा जागेवर.

शर्वरी आली, तिने पाहिलं, ओठ दाबून धरले आणि म्हणाली, "बाबा, गोधडीला पोट सुटलंय."

"उसवायचं का?" कुमुदने मला विचारलं. उसवायचं तर आठ थरांतल्या शेकडो टाक्यांना ब्लेड लावायचं. लुगडी इतकी जुनी की टाक्याबरोबर कापडही निघायचं. आणि बारसं परवावर. मी म्हणालो, "राहू दे. घडी घालून पोट खाली लपवू. पाळण्यात कोण बघतंय?"

आता राहिला घास. आमच्याकडे गोधडीचा शेवटचा कोपरा मिटवायच्या आधी आत एक घास ठेवतात. गोधडी उपाशी ठेवायची नाही. ती जेवलेली असली की तिच्यावर निजणारं लेकरू कधी उपाशी निजत नाही, असं आई सांगायची. कुणी भाकरीचा तुकडा ठेवतं, कुणी आणखी काही. आई काय ठेवायची ते मला आठवेना. पण तिला शेंगांची पोळी फार आवडायची. तेव्हा कुमुद स्वयंपाकघरात असताना मी माझ्या बाजूच्या कोपऱ्यात शेंगांच्या पोळीचा चांगला मोठा तुकडा सारला, तूप लावून. कोरडा कसा द्यायचा! आणि कोपरा शिवून टाकला. कुमुदला सांगितलं नाही, कारण ती लगेच तिच्या आईचाही घास हवा म्हणाली असती.

बारशाच्या दिवशी सकाळी मंद्रूपहून आक्का आली. आक्का माझी थोरली बहीण. ती एस.टी.तून उतरली की स्टँडवरच्या माणसांना आमच्या घरातल्या बातम्या कळतात. घरात पाऊल ठेवताच तिने विचारलं, "गोदडी कुटं हाय?"

गोधडी एका नव्या चादरीत बांधून कपाटावर ठेवली होती. तिने ती खाली घेतली, दाबून बघितली.

"दिग्या, लई जड हाय की रं! आत काय मानूस हाय का?"

"आठ थर आहेत, आक्का."

"आन् हितं मदी काय हाय ह्ये?"

"नक्षी आहे," मी म्हणालो.

आक्काने माझ्याकडे बघितलं, पण पाहुणे यायला लागले होते.

हॉल भरला. पुण्याहून विहीणबाई, म्हणजे शर्वरीच्या सासूबाई आल्या. अतिशय सौम्य आणि नीटनेटक्या बाई. पाळण्याला झेंडूच्या माळा. मी मोबाईल घेऊन शूटिंगसाठी पाळण्याला खेटून उभा होतो, कारण घडी नीट राहते की नाही यावर मला लक्ष ठेवायचं होतं. कुमुदने चादर सोडली, गोधडी घडी घालून पाळण्यात ठेवली, पोट खाली, हिरवं आणि मोतिया कापड शेजारी शेजारी दिसेल अशी. शर्वरीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, झालं, सगळं पार पडलं.

आमच्याकडे बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवतात. त्याला कुंची घालायची, निजवायचं, झोके द्यायचे आणि मग गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बायकांनी तो पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींकडे द्यायचा. वरवंट्याला कुंची घातली आणि गोधडीवर निजवला. आक्काने खड्या आवाजात पाळणा म्हणायला घेतला. तिला पाळण्याची बरीच कडवी येतात आणि ती एकही गाळत नाही. वरवंटा आपला निवांत पडून राहिला.

मग कुमुदने वरवंटा उचलून विहीणबाईंच्या हातात दिला. "गोविंद घ्या!"

"गोपाळ..." असं म्हणता म्हणता विहीणबाईंनी वरवंट्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे. कुंचीतून तांबड्या मुंग्यांची रांग निघून त्यांच्या बांगड्या ओलांडत कोपराकडे निघाली होती.

"अगंबाई! अगं बाई गं! चावलं, चावलं!"

आणि त्या सौम्य बाईंनी वरवंटा सोडला. खाली माझा पाय होता.

पुढचं मी नीट सांगू शकत नाही. मोबाईलमध्ये सगळं आहे, पण त्यात छताचा पंखा, झेंडूची माळ, पुन्हा पंखा आणि माझा आवाज एवढंच दिसतं. आवाजात मी कुणाचं नाव घेतलंय यावर घरात मतभेद आहेत. कुमुद म्हणते तिचं, आक्का म्हणते "आईचं घेतलंस की!"

बाळ? बाळ शर्वरीच्या मांडीवर गाढ झोपलेलं होतं. त्याला एक मुंगीही शिवली नाही. त्याच्या वाटणीच्या सगळ्या मुंग्या वरवंट्याने सोसल्या आणि हूं की चूं केलं नाही. पूर्वीच्या बायकांनी ही रीत का पाडली असेल ते मला त्या क्षणी, एका पायावर उभं राहून, पूर्ण पटलं.

गोधडी गच्चीवर नेऊन झटकली. मुंग्या पडतच होत्या. शर्वरीने ब्लेड घेऊन माझा कोपरा उसवला. आतून शेंगांची पोळी निघाली.

"बाबा?"

"घास आहे," मी म्हणालो. "आजीला आवडायची."

"तूप लावून?"

मी पायाकडे बघायला लागलो. पण मुंग्या दुसऱ्या कोपऱ्यातूनही येत होत्या. तो उसवला. गुळाचा खडा! आता कुमुद पायऱ्यांकडे बघायला लागली. "माझ्या आईला गूळ लागायचा जेवणानंतर," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तुमच्या आईचाही घातला असता."

"आणि हे?" शर्वरीने मधल्या शिवणीतून बोटांनी काहीतरी ओढून काढलं. पुरणपोळीचा लगदा होता. सगळ्यांनी आक्काकडे बघितलं.

"मला काय म्हाईत तुमी आदीच जेवू घातलंया!" आक्का म्हणाली. "मला वाटलं, शिकल्याली मानसं, इसरली आसतील. म्हनून सकाळी हळूच सारली. गोदडी उपाशी बरी दिसती व्हय?"

मग शर्वरी हसायला लागली. हसता हसता गच्चीवरच खाली बसली आणि रडायला लागली. गोधडीचे दोन कोपरे आणि मधली शिवण उसवलेली, वर ते पोट, आणि खाली पाहुणे पाळणा रिकामा धरून बसलेले. "माझी एवढीच इच्छा होती हो," ती म्हणाली. माझ्या अंगठ्यापेक्षा ते जास्त लागलं.

आक्का तिच्या शेजारी बसली, हिरवं कापड हातात घेऊन न्याहाळायला लागली. "आगं, रडतीस कशाला. आनि ह्ये लुगडं वळकलं मी. ह्ये तर कुमुदच्या आईनं दिल्यालं!"

"काय?" मी आणि कुमुद एकदमच म्हणालो.

"मानाचं लुगडं की ह्ये, तुज्या लग्नातलं. आईनं डाळिंबी मागितलं हुतं, त्यांनी हिरवं आनलं. त्यावरनं तर सगळा रुसवा! जल्मभर नावं ठिवली, आन् नेसली मातर हेच. आन् त्ये मोतिया हाय न्हवं, त्ये आईनं शरूच्या बारशाला इहीनबाईस्नी नेसवल्यालं. म्या सोता दुकानातनं आनलं हुतं. तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

नाही, माहीत नव्हतं. लग्नात नवरदेवाला आहेर कुठे दिसतो! कुमुद म्हणाली, "मी तर मान खाली घालून बसले होते. आणि शरूच्या बारशात सगळं लक्ष पाळण्याकडे." म्हणजे गेले पंधरा दिवस मी माझ्या सासूबाईंच्या लुगड्यासाठी भांडत होतो आणि कुमुद तिच्या सासूबाईंच्या! त्या दोघींनी जन्मभर एकमेकींना नावं ठेवली आणि जन्मभर एकमेकींनी दिलेलंच अंगावर वागवलं, अगदी विरेपर्यंत. जपून ठेवलेली शेवटची लुगडीही हीच.

शर्वरीने डोळे पुसले. खाली गेली, कात्री घेऊन आली.

"शरू, अगं, कापू नकोस," मी म्हणालो.

"बाबा, कापल्याने आज्या मोडतात का?" आणि तिने एका दमात दोन्ही टोकांचे सपाट, चांगले शिवलेले भाग कापून काढले. मला डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले नाहीत. डोकीकडच्या तुकड्यातलं हिरवं ठेवलं, पायाकडच्यातलं मोतिया. दोन्हींतले जास्तीचे थर तिने सोडवले, पातळ केले आणि खाली हॉलमध्ये येऊन थेट हातमशीनवर बसली. (पायमशीनला बसायला लागली तेव्हा आक्का ओरडली, "बाळंतिनीनं पाय मारायचं न्हाईत!") लहानपणी सासूबाईंच्या मांडीवर बसून हेच चाक ती फिरवायची. कुमुद शेजारी बसून कापड धरत होती. मी पाय स्टुलावर ठेवून बसलो होतो आणि मला कुणी काही विचारत नव्हतं, हे फार बरं झालं. पुण्याच्या विहीणबाईही हाताला हळद लावून कौतुकाने बघत बसल्या. दोरा अडला तेव्हा शर्वरी नकळत "अय्यो" म्हणाली आणि कुमुदने चटकन तोंड फिरवलं.

तासाभरात बाळाच्या मापाचं दुपटं तयार झालं. शेवटचा कोपरा मिटवायच्या आधी शर्वरीने आमच्या तिघांकडे एकेक करून बघितलं आणि आत तांदळाचे चार कोरडे दाणे टाकले. "एवढंच जेवण!" ती म्हणाली. बाळाला पाळण्यात ठेवलं, तिच्या पुण्याहून आलेल्या आत्याने कानात मुक्ता असं नाव सांगितलं, आणि मुक्ता आपल्या दोन्ही पणज्यांवर पाय पसरून झोपली. वरची बाजू कुठली होती, ते मी विचारलं नाही.

राहिला गोधडीचा मधला भाग. पोटाचा. संध्याकाळी डॉक्टरांनी अंगठ्याला बारीक चीर आहे म्हणून पायाला पट्टी बांधली आणि आडवं पडायला सांगितलं. कुमुद तो मधला तुकडा घेऊन आली. म्हणाली, "टाकवत नाही. पांघरा तुम्हीच." मी कूलर लावून उताणा पडलो. तिने तुकडा माझ्या अंगावर घातला, एक पाऊल मागे सरकून बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"अहो, बघा की! मापाने शिवल्यासारखी बसली!"

मी मान उचलून बघितलं. उंचवटा माझ्या पोटावर असा चपखल बसला होता की कुठे एक सुरकुती नव्हती. तीस वर्षं मी फळ्यावर आकृत्या काढल्या. आयुष्यात एकच काय ती तंतोतंत मापाची निघाली, तीही चुकून, आणि तीही स्वतःच्या पोटाची!